गप्प बसण्याचा तर्जुमा

ट्रंककॉलवर गप्प बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

तेव्हा आदिलाबादहून मुंबईला बोलायचं म्हणजे सकाळी नंबर नोंदवून दुपारपर्यंत वाट पाहावी लागे आणि फोन लागला की तीन मिनिटांत सगळं उरकावं लागे. आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात शेठ तर उभं राहून, डावा हात हवेत हलवत, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलत. एकदा शेठ नव्हते आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन तर्जुमासाबांनी घेतला. पलीकडून विचारलं, शंभर गाठी शनिवारी निघतील का. तर्जुमासाबांनी रिसीव्हर कानाला लावला, खिडकीतून आवारातल्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं आणि विचार करू लागले. पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं. मग मध्येच ऑपरेटरबाई आल्या. "बात हो रही है क्या?" तर्जुमासाब म्हणाले, "हो रही है." आणि पुन्हा गप्प. तीन मिनिटं संपता संपता म्हणाले, "शनिवार नहीं. मंगल." आणि रिसीव्हर ठेवला.

गाठी मंगळवारीच निघाल्या.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि ते पत्रक मीच टाइप करायची. पण त्या नावानं त्यांना कोणी ओळखत नव्हतं, म्हणून इथेही राहू द्या. निजामाच्या काळात ते तहसिलीत उर्दू कागदांचा मराठीत आणि तेलुगूत तर्जुमा, म्हणजे भाषांतर करायला लागले होते. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, जिल्हा आंध्रात आला, कचेरीची भाषा दोनदा बदलली. त्यांचं टेबल मात्र तेच राहिलं. रिटायर झाल्यावर शेठनी त्यांना आमच्याकडे आणलं, कारण आमच्या आवारात रोज चार-पाच भाषा उतरत. कापूस आणणारे कास्तकार आपल्या बोलीत बोलत, अधिकारी तेलुगूत, खरेदीदार हिंदीत, पत्रं इंग्रजीत, आणि शेठ घरी गुजराती आणि बाहेर सगळ्यांशी एकच हिंदी. ह्या सगळ्यांच्या मधे तर्जुमासाब बसत. उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, आणि बारा महिने छत्री.

मी जवळच्याच तलमडुगू गावची. बापानं दुसऱ्याच्या वावरात सालगडी म्हणून सालं घातली आणि मला टायपिंग शिकायला आदिलाबादला ठेवलं. आमच्या वस्तीतून ऑफिसात खुर्चीवर बसणारी मी पहिलीच. खिडकीबाहेर कापूस निवडणाऱ्या बायांमध्ये माझी एक मावशीही होती. पहिल्या दिवशी शेठनी विचारलं, "इंग्लिश टाइपिंग कितनी स्पीड?" आकडा मला ठाऊक होता, पण हिंदीत कसा सांगावा ते सुचेना. शेठ म्हणाले, "गूँगी है क्या?" कोपऱ्यातून तर्जुमासाब म्हणाले, "बाई सोचून राह्यल्या."

बाई. तोवर मला कोणी बाई म्हटलं नव्हतं, आणि सोचून राह्यल्या असंही नाही. मी गप्प राहिले की लोक एक तर मला बहिरी समजत, नाही तर आगाऊ.

दर सोमवारी शेठ मीटिंग घेत. तिचा वृत्तांत तर्जुमासाब हातानं लिहीत आणि मी टाइप करत असे. पहिलाच कागद हातात आला आणि मी थबकले. कोण काय म्हणालं ते तर होतंच, पण मधे मधे असंही होतं : ‘इथे प्रेसचे फोरमन गप्प राहिले. टोपी काढून पुन्हा घातली.’ ‘इथे सगळेच गप्प राहिले. शेठ सोडून.’

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. "साहेब, हेबी टाइप करू का?"

ते बशीतून चहा पीत होते. बशी रिकामी झाल्याशिवाय ते कोणालाच उत्तर देत नसत, कलेक्टर आला असता तरी दिलं नसतं. बशी खाली ठेवून म्हणाले, "करा ना. काऊन?"

"हे तं कोनी बोललं नाई."

"म्हनून तं लिवलं. बोललेलं लोकायच्या ध्यानात राह्यते."

शेठ ह्यावर चिडत. पण महिनाभरानं फोरमन काम सोडून गेला आणि शेठनी जुना कागद काढून ‘टोपी काढून पुन्हा घातली’ हे दोनदा वाचलं. त्यानंतर ते तर्जुमासाबांना त्याबद्दल बोलले नाहीत.

तर्जुमा करताना त्यांचा एक नियम होता. बोलणारा ‘मी’ म्हणाला तर तेही ‘मी’च म्हणत. ‘साहेब असं म्हणतात’ वगैरे काही नाही. एकदा वजनकाटे तपासायला एक तेलुगू अधिकारी आले. काटे नीट होते, पण शेठ त्यांना एक वाक्य पुरं करू देईनात. शेवटी ते तेलुगूत काहीतरी म्हणाले. तर्जुमासाबांनी शेठकडे वळून शांतपणे सांगितलं, "मैं कह रहा हूँ, आपके काँटे से ज़्यादा आपकी ज़बान हिलती है."

शेठ लाल झाले. "तुम्हारी इतनी हिम्मत?"

तर्जुमासाबांनी अधिकाऱ्यांकडे वळून हेही तेलुगूत सांगितलं, त्याच सुरात. अधिकारी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. काटे पास झाले. शेठ मात्र दोन दिवस तर्जुमासाबांवरच रागावून होते.

माणसांच्या गप्प राहण्याबद्दल त्यांची मतं ठरलेली होती. दुपारच्या डब्याच्या वेळी कधी लहर आली तर सांगत. "तेलगू हाफिसर गप्प झाला का समजा, वरच्याले इचारल्याशिवाय सांगनार नाई. मुंबईवाला गप्प झाला का समजा, दुसऱ्या फोनवर दुसऱ्याशी बोलून राह्यला. तलमडुग्याचा कास्तकार गप्प झाला का समजा, त्याच्या मनात नाई, पन दारी आलेल्याले नाई कसं म्हनाव. अन् आपले शेठ गप्प झाले तं डाक्टरले बोलवा."

"अन् मी?" मी एकदा धीर करून विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमचं अजून समजलं नाई मले," म्हणाले.

हा माणूस नेहमीच शहाणा होता असं मात्र मी म्हणणार नाही. एका मार्चमध्ये कापसाच्या ढिगाला आग लागली. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. लोक "चाबी, चाबी" ओरडत धावत आले आणि हे खुर्चीत बसून, कपाळाला बोट लावून, कोणत्या खिशात ठेवली ते आठवत राहिले. हूँ नाही की चूँ नाही. ‘आठवतोय’ एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी कुलूप फोडलं असतं. किल्ली सापडेपर्यंत एक अख्खी बाजू काळी झाली. संध्याकाळी ते जळलेल्या कापसापाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं काही म्हणतील. दुसऱ्या दिवसापासून किल्ली भिंतीवर खिळ्याला टांगलेली दिसू लागली.

शेठचा धाकटा मुलगा मुंबईहून परत आला तो एक नवा धंदा डोक्यात घेऊन. आपल्या जिल्ह्यातली पितळेची कारागिरी परदेशात पाठवायची. कुठून तरी ओळख काढून त्यानं एका जर्मन बाईंना आदिलाबादला आणलं. पन्नाशीच्या, केस आखूड, जाड चपला, त्यांच्या देशात त्यांचं अशा वस्तूंचं दुकान होतं. धाकटे शेठ, जर्मन बाई, तर्जुमासाब आणि लिहून घ्यायला मी, असे आम्ही जीपनं निघालो. गुडीहत्नूर मागे टाकून मग हमरस्ता सोडून कच्च्या वाटेनं एका गोंड गुड्यावर, म्हणजे पाड्यावर, गेलो. तिथे पितळ ओतणाऱ्यांची चार-पाच घरं होती.

सगळ्यांत वडील कारागीर अंगणात बसून काम करत होते. मातीच्या गाभ्यावर मेणाची बारीक तार गुंडाळत होते. त्यांची सून फळीवर मेण लाटून त्या तारा काढत होती. बाईंना ते इतकं आवडलं की त्या खालीच बसल्या. मग त्यांचं लक्ष ओसरीवरच्या फडताळाकडे गेलं. तिथे वीतभर उंचीचा पितळेचा घोडेस्वार ठेवला होता. बाईंनी तो हातात घेतला नाही, फक्त पाहिला बराच वेळ. मग इंग्रजीत म्हणाल्या, "असे चारशे. नाताळच्या आधी. होतील का?"

तर्जुमासाबांनी आधी मोडक्या गोंडीत आणि मग मराठीत सांगितलं. म्हाताऱ्यांना दोन्ही समजत होतं.

म्हाताऱ्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं आणि ते गप्प झाले. सुनेचं लाटणं थांबलं. ओसरीवर दोन माणसं उभी होती, तीही हलेनात. तर्जुमासाब छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. म्हाताऱ्यांकडे पाहतही नव्हते, अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या. बाईंनी एकदा घड्याळ पाहिलं, मग लाज वाटल्यासारखं बाहीनं ते झाकलं.

धाकट्या शेठना राहवेना. ते बाईंना इंग्रजीत म्हणाले, "झालं. कबूल आहेत ते."

"साहेब," तर्जुमासाब म्हणाले, "काई बोलले नाई ते अजून."

"मना भी तो नहीं किया. संस्कृत में है न, मौनं सम्मतिलक्षणम्." आणि ते उठलेच.

म्हातारे आम्हाला जीपपर्यंत पोचवायला आले. सुनेनं तांब्यातून पाणी दिलं.

परत येताना मागच्या बाकावर मी आणि तर्जुमासाब. पुढे धाकटे शेठ बाईंना सगळा रस्ता समजावून सांगत होते. हमरस्ता लागल्यावर तर्जुमासाब आपणहून बोलायला लागले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मी एकवीस वर्साचा होतो. हाकिमासमोर एक म्हातारा आनला. हाकिमानं उर्दूत इचारलं, कागदावरचा अंगठा तुमचा हाय, वावर तुमी खुशीनं लिहून देल्लं, कबूल? मी त्याले मराठीत इचारलं. म्हातारा गप्प. हाकिमाले जेवाले जायाचं होतं. म्हनला, खामोश है, कबूल लिखो. मी लिवलं."

मी वाट पाहिली. तोवर मला वाट पाहायची सवय झाली होती.

"बाहीर आलो तं म्हातारा पायरीवर बसला होता. मले म्हने, मालक, मी आठवून राह्यलो होतो का तो अंगठा कवा लावला. तुमी उठून काऊन गेले?"

आदिलाबाद येईपर्यंत ते मागे सरकणारा रस्ता पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात करारावर सह्या व्हायच्या होत्या. करारासोबत आदल्या दिवसाचा वृत्तांत जोडायचा होता. तर्जुमासाबांनी लिहिलं होतं, ‘इथे कारागीर गप्प राहिले. उत्तर आलं नाही.’ धाकट्या शेठनी ती ओळ खोडून वर लिहिलं, ‘कारागिरांनी मान्य केलं.’ आणि कागद माझ्यासमोर टाकला.

मी टाइप केलं. हे मी नीट सांगते, कारण ही गोष्ट पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितली त्यांनी एवढा भाग गाळला. मी तिथे होते, मी पाहिलं होतं, आणि तरी मी टाइप केलं. बापाच्या औषधाचा विचार केला आणि बोटं चालवली.

टेबलाभोवती शेठ, धाकटे शेठ, जर्मन बाई. कागदाच्या खाली भाषांतरकाराच्या सहीची जागा होती. तर्जुमासाबांनी कागद वाचला. पेनाला टोपण लावलं आणि पेन शेरवानीच्या खिशात ठेवलं.

"काय झालं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"ह्यांचं वय झालंय, थकलेत," धाकटे शेठ म्हणाले. "सही नसली तरी चालतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ही मुलगी पण होती ना तिथे. तिला विचारा."

इंग्रजी मी टाइप करत असे, बोलता येत नव्हतं. तर्जुमासाब माझ्याकडे वळले. आवाजात काही नाही, ना दटावणी, ना आर्जव. "बाई, त्या म्हाताऱ्यानं हो म्हनलं का, असं मी तुमाले इचारून राह्यली." ते नेहमीप्रमाणे ‘मी’च म्हणाले, बाईंच्या जागी.

मी टेबलाकडे पाहिलं.

"बोल ना," धाकटे शेठ म्हणाले. "हाँ बोल." मग थोडं थांबून बाईंना, "पाहिलंत, गप्प आहे. म्हणजे हो."

तर्जुमासाब बाईंना इंग्रजीत म्हणाले, "उत्तर अजून आलेलं नाही. आपण थांबू."

आणि ते थांबले. आदल्या दिवशी म्हाताऱ्यांसमोर बसले होते तसेच, हात एकावर एक ठेवून, माझ्याकडे न पाहता. बाहेर प्रेस चालू होता, त्याचा दणका खुर्चीतून अंगात येत होता. शाळेत मला सुचायला वेळ लागला की सर पुढच्या पोरीकडे वळायचे. बाजारात, बसमध्ये, कचेरीत, मी तोंड उघडायच्या आत कोणी ना कोणी माझं उत्तर देऊन टाकायचं. माझ्यासाठी टेबलाभोवती मोठी माणसं थांबून राहिली आहेत, असं माझ्या बावीस वर्षांत झालं नव्हतं. आधी मला फक्त भीती वाटत होती. मग हळूहळू जाणवलं की आता मधे कोणी येणार नाही, आणि जे काय यायचं ते माझ्याच तोंडातून येणार.

"नाई," मी म्हणाले. "ते काईच बोलले नाई. मी कागदावर खोटं टाइप केलं."

तर्जुमासाबांनी ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. "मी कागदावर खोटं टाइप केलं." त्यांच्या तोंडून ‘मी’ ऐकताना मला वाटलं, ते माझ्यासोबत अर्धं उचलताहेत.

बाईंनी सही केली नाही. त्या रागावल्याही नाहीत. एका कागदावर आपला पत्ता लिहून तो तर्जुमासाबांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांचं उत्तर आलं तर कळवा."

त्या गेल्यावर धाकटे शेठ जे बोलायचं ते बोलले. मला काढणारच होते, पण थोरले शेठ म्हणाले, ऐन हंगामात टायपिस्ट कुठून आणू. तर्जुमासाबांना कोणी ‘जा’ असं म्हटलं नाही. त्यांनी डबा घेतला, छत्री घेतली, भिंतीवरची पंपाची किल्ली नव्या फोरमनच्या हातात दिली आणि गेले. मी दारापर्यंत गेले. मला वाटत होतं की निदान माझ्याकडे पाहून मान हलवतील. त्यांनी छत्री उघडली आणि निघून गेले. पुढचे कित्येक दिवस मी समजत होते की त्यांनी मला माफ केलेलं नाही.

पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. एक दिवस वॉचमन मला बोलवायला आला. फाटकापाशी गुड्यावरचे ते म्हातारे कारागीर उभे होते, सोबत त्यांचा पुतण्या. म्हणाले, "तो गप्प बसनारा साहेब कुठं हाय?"

मी अर्ध्या दिवसाची सुटी टाकून त्यांना तर्जुमासाबांच्या घरी घेऊन गेले. मीही पहिल्यांदाच जात होते. गल्लीच्या तोंडापासूनच कोणाचा तरी आवाज येत होता, वांगी कशी चिरावीत, उभी चिरली तर काय होतं, हैदराबादला कशी चिरतात, १९५० साली कोणाकडे कशी खाल्ली होती. अखंड, श्वास न घेता. दार उघडलं ते त्यांच्या बायकोनं. मी विचारलं, "काकू, साहेब हायत का? पाहुने बसले का घरात?"

"कोन पाहुने? हेच बोलून राह्यले." काकू दारातच टेकल्या. "सकाळपासून सुरू हाय. बत्तीस वर्सं झाले, कान किटले माहे."

"हाफिसात तं ते बोलतच नव्हते, काकू."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना मोठाच उलगडा झाला. "म्हंजे ते सारं साठवून घरी आनत होते," म्हणाल्या.

आतला आवाज म्हाताऱ्यांना पाहताच बंद झाला. तर्जुमासाब उठून उभे राहिले, त्यांना चटईवर बसवलं आणि स्वतः समोर बसले. चहा आला. दोघंही बशीतून प्यायले. बशा खाली ठेवल्या. काकू दारात उभ्या, मी भिंतीला टेकून. कोणी काही बोलेना, आणि मला पहिल्यांदाच त्या शांततेत अवघडल्यासारखं झालं नाही.

मग म्हातारे म्हणाले, "त्या बाईले सांगा. घोडेस्वार होनार नाई. तो देवाचा हाय. एक घर मागते तवा एक घडते."

तर्जुमासाबांनी मान हलवली.

"त्या दिसी सांगता आलं नाई. सगळ्यायले इचाराव लागते. पावसात सारे वावरात. दिवाळीत जमले, देवासमोर इचारलं." त्यांनी बशी बाजूला सरकवली. "दिवा घडवू. दिवा कोनाच्याबी घरी लागते. पन घर कोनतं ते समजलं पायजे. नाव पायजे. बिननावाचा आमी घडवत नाई. चारशे दिवे, तं चारशे घरायचे नावं."

तर्जुमासाबांनी कागद काढला आणि तिथल्या तिथे इंग्रजीत पत्र लिहिलं. ‘मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही,’ अशी सुरुवात. दुसऱ्या दिवशी ते मी टाइप केलं, ऑफिसच्या मशीनवर, जेवणाच्या सुटीत. ह्या वेळी एक अक्षर बदललं नाही. कागद द्यायला गेले तेव्हा ते वाचून म्हणाले, "बरं झालं. आतलं काई कोनी बदलवलं नाई." आणि मग, बऱ्याच वेळानं, "त्या दिसी तुमच्याकडं पाह्यलो असतो तं तुमाले माह्यासाठी बोलाव लागलं असतं. म्हनून नाई पाह्यलो." तो क्षण कोणता, निघतानाचा की टेबलापाशी बसल्याचा, हे मी विचारलं नाही. दोन्ही असावेत.

दोन महिन्यांनी जर्मनीचं पाकीट आलं. बाईंनी चारशे नावं पाठवली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की माझ्या दुकानात येणाऱ्यांना मी तुमची अट सांगितली. बरेच जण हसले. सोळा जणांनी नाव दिलं. सोळा नावं, प्रत्येकापुढे गाव. ही गोष्ट धाकट्या शेठच्या कानावर गेली तेव्हा तेही हसले, आणि खरं सांगायचं तर सोळा दिव्यांत धंदा नव्हताच. पण ते सोळा दिवे लाकडी पेटीतून, भुसा भरून, पोस्टानं गेले. पुढच्या वर्षी आणखी काही नावं आली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. तर्जुमासाब होते तोवर ती नावं तेच वाचून दाखवायचे. ते गेल्यावर काही वर्षं मी वाचली. काकू अजून म्हणतात की घर एकदम मोठं झालं.

पहिली सोळा नावं वाचली तो दिवस मात्र मला पूर्ण आठवतो. रविवार होता. आम्ही दोघं बसनं गेलो, हमरस्त्यावर उतरून चालत गुड्यावर पोचलो. अंगणात सगळी घरं जमली होती. तर्जुमासाबांनी चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं, अक्षर अक्षर सोडवत, कारण जर्मन त्यांना येत नव्हतं. म्हाताऱ्यांनी ते आपल्या तोंडानं म्हणून पाहिलं. बायकांना हसू आलं. मग त्यांनीही म्हणून पाहिलं. नाव जिभेवर बसेपर्यंत दुसरं वाचायचं नाही, असं आपोआपच ठरलं.

सातव्या नावापाशी म्हाताऱ्यांनी हात वर केला. "ह्या घरी कितीजन हायत?"

तर्जुमासाबांनी कागद उलटून पाहिला. "नाव एकच हाय. एका बाईचं."

"एकटी राह्यते?"

"मले माहीत नाई."

म्हातारे गप्प झाले. तर्जुमासाबही. सून मेणाची तार बोटावर गुंडाळत उभी राहिली.

"एकट्या मानसाचा दिवा लहान कराव लागते," म्हातारे शेवटी म्हणाले. "मोठ्याले तेल लई लागते, अन् इझला तं पाहाले कोनी नसते."

तर्जुमासाबांनी शेरवानीच्या खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि सातव्या नावापुढे एक लहानशी खूण केली.

"इचारतो," ते म्हणाले.